नवखांडीची फूट : एका कल्पित भटक्या संघाचा प्रकरण अभ्यास

भटक्या टोळ्यांचा संघ कथेत मोडायचा असेल, तर तो आधी इतकी वर्षं कशाच्या जोरावर टिकला हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक असावं लागतं. चिकोडी तालुक्यातल्या एका तरुण लेखिकेच्या कादंबरीचं हस्तलिखित आम्हा काही वाचकांच्या हाती आलं. चर्चा सुरू झाली ती टोळ्यांच्या नावांवरून, पोशाखांवरून, लढाईच्या वर्णनावरून. हळूहळू ती सगळी या एकाच प्रश्नावर येऊन ठेपली. कादंबरी अजून छापलेली नाही. लेखिकेच्या संमतीनं तिच्यातल्या एकाच प्रसंगाचा अभ्यास इथं मांडतो आहे. तो प्रसंग आधी कसा होता, का पटत नव्हता, आणि बेळगाव जिल्ह्यातल्या मेंढपाळांचं जगणं शेजारी ठेवल्यावर कसा बदलला, एवढीच या लेखाची व्याप्ती.

टोळ्या, नद्या, देव सगळे कल्पित आहेत आणि ते तसेच राहावेत असं माझं ठाम मत आहे. खऱ्या समाजाचं नाव घेऊन त्याच्या माथी काल्पनिक वैर मारणं कुठंही वाईटच, पण आमच्या सीमाभागात ते विशेष वाईट. भाषेच्या, जातीच्या, राज्याच्या नावावर इथं माणसं आधीच पुरेशी दुखावलेली आहेत.

प्रसंग, पहिल्या खर्ड्यातला

नवखांडी म्हणजे नऊ खांडव्यांचा (टोळ्यांचा) संघ. त्यांच्या मुलखाच्या पश्चिमेला 'ओलं रान' आहे: डोंगर, दाट झाडी, चार महिने न थांबणारा पाऊस. पूर्वेला 'कोरमाळ', उघडा, खडकाळ, खुरट्या गवताचा. मधून तांबडी नावाची नदी वाहते. जनावरांसकट ती ओलांडता येईल असा उतार एकच, त्याला बकरउतार म्हणतात.

नऊपैकी पाच खांडवे 'उगवते', कोरमाळावर काळी मेंढरं राखणारे. तीन 'मावळते', ओल्या रानात म्हशी पाळणारे. उरलेला एक 'खुंटे', कधीकाळी चालणारा आणि आता नदीकाठी स्थिरावून घोंगडी विणणारा, थोडी ज्वारी पेरणारा. पावसाळा सरला की सगळे उतारावर जमतात, जळदेवाची जत्रा भरते, पुजारी प्रत्येक खांडव्याच्या कारभाऱ्याला कंकण बांधतो आणि मगच कळप पाण्यात उतरतात. कंकणाआधी कुणी नदी ओलांडायची नाही, हा संघाचा सर्वांत जुना नियम.

पहिल्या खर्ड्यात दुष्काळाचं तिसरं वर्ष होतं. कोरमाळावर गवताची काडी नाही म्हणून उगवते भर श्रावणात उतारावर येतात. मावळते वाट अडवतात. शब्दाला शब्द लागतो, कुऱ्हाडी निघतात, पुजारी मारला जातो, आणि संघ दुभंगतो. वर्णन ताकदीचं होतं. लेखिकेचा हात लढाईत चांगला चालतो.

अडचण माणसांच्या रचनेत होती. सगळे उगवते लोकरीचं कंकण बांधणारे, एकच बोली बोलणारे, मांस खाणारे, तापट. सगळे मावळते सुती कंकणाचे, दुसऱ्या बोलीचे, देवीचे भक्त, दूधदुभत्यावर जगणारे, संयमी. खुंटे लबाड व्यापारी. म्हणजे दर टोळीला एक रंग, एक देव, एक भाषा, एक स्वभाव. वाचताना पहिल्या पानापासून मनात येत राहिलं, की ही माणसं मुळात एकत्र आलीच का? ज्यांच्यात सामाईक काहीच नाही, त्यांचा संघ फुटला तर वाचकानं हळहळायचं कशासाठी?

बकरी बसतात कुठं

चर्चेला वळण दिलं ते रायबाग तालुक्यातल्या एका वयस्कर गृहस्थानं. उमेदीची वर्षं त्यांनी मेंढरांमागं काढली आहेत. लेखिका त्यांना मामा म्हणते. लढाईचं प्रकरण त्यांना वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, "पोरी, भांडण ऱ्हाऊ दे. श्रावणात वल्या रानात ह्यांची बकरी बसत्यात कुठं, ते सांग की आधी." आमच्याकडे धनगर मंडळी मेंढरांना बकरीच म्हणतात, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो.

त्यांच्या प्रश्नात अख्ख्या कादंबरीचा भूगोल होता. मेंढराला सततचा पाऊस सोसत नाही. ओल्या जमिनीवर खुरं कुजतात, अंगावरची लोकर भिजून जड होते, कोकरं गारठून मरतात. म्हणून दख्खनच्या पठारावरचा मेंढपाळ पावसाळा कोरड्या, कमी पावसाच्या भागात काढतो. खरिपाची रानं मोकळी झाली, दिवाळी झाली, की पश्चिमेकडं सरकतो. शेतकरी त्याची वाटच बघत असतो. कापणी झालेल्या शेतात रात्री मेंढरं बसवली की लेंडी-मुताचं खत मिळतं आणि मेंढपाळाला धान्य किंवा रोख रक्कम. मग दुष्काळानं हैराण झालेले उगवते श्रावणात ओल्या रानात शिरायला निघाले, तर ते कुणाचं कुरण हिरावून घ्यायला निघालेले नाहीत. आपलीच जनावरं मरणाच्या दारात नेत आहेत. पहिल्या खर्ड्यात हे कुणाच्या लक्षातच आलेलं नव्हतं आणि तिथंच प्रसंगाची खरी वेदना दडलेली होती.

हे समजायला आम्हाला पुस्तकांकडे जावं लागत नाही, जिल्ह्याचा नकाशा पुरतो. मलप्रभा जिथं उगम पावते ते कणकुंबी खानापूर तालुक्यात, सह्याद्रीच्या अगदी माथ्यावर. तिथून पूर्वेकडं अथणीपर्यंत गेलं की जिल्हा तोच, पण पाऊस वर्षाला 500-600 मिलिमीटरच्या आसपास. कणकुंबीला याच्या कित्येक पटींनी जास्त कोसळतो. खानापूरच्या जंगलपट्ट्यात गवळी धनगरांचे वाडे आहेत, म्हशी पाळणाऱ्यांचे. अथणी-रायबागच्या माळावर मेंढरंवाले. दोघांचं दैवत, नात्यांची नावं, देवापुढचे ढोल बऱ्याच अंशी जुळतात, पण एकमेकांच्या चाऱ्यावर कुणाचा डोळा नसतो. म्हशीला जे रान चालतं ते मेंढराला चालत नाही.

पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि मानवशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातल्या धनगरांचा अभ्यास करताना नेमकं हेच दाखवलं होतं. धनगर या एका नावाखाली आपापसातच लग्न करणारे वीसहून अधिक गट आहेत, आणि त्यांतल्या पशुपालक गटांनी पाऊस, चारा आणि जनावर यांची जणू वाटणी करून घेतलेली आहे. हटकर कमी पावसाच्या माळावर मेंढरांमागं, गवळी डोंगरात म्हशींमागं, खुटेकर आणि सनगर लोकर आणि घोंगडीच्या कामात. वेगळेपण हेच सोबत राहण्याचं कारण ठरतं, कारण एकाच्या ताटातलं दुसरा मागत नाही.

हे कळल्यावर लेखिकेनं उगवते-मावळते हा भेद ठेवला, पण त्यातलं वैर काढून टाकलं. चांगल्या वर्षी या दोघांना भांडायला कारणच नाही. भांडण पाऊस निर्माण करतो, तेही तीन वर्षं सलग दगा दिल्यावर. आता प्रसंगात उगवत्यांचा कारभारी उतारावर येऊन पाण्यात न शिरता थांबतो. पुढं गेलं तर खुरं कुजणार, मागं गेलं तर उपासमार. पलीकडचा मावळत्यांचा कारभारीही हे जाणतो, त्याचं वाट अडवणं निव्वळ क्रौर्य उरत नाही. रोगट खुरांचा कळप आपल्या पाणवठ्यावर आला तर काय होईल, याची भीती त्याच्या बोलण्यात आहे.

कंकण

या हस्तलिखितातली माझ्या मते सर्वांत मोलाची दुरुस्ती कंकणाची. ती सविस्तर सांगतो.

कर्नाटकातल्या कुरुबा या मेंढपाळ समाजात हत्तीकंकण आणि उण्णीकंकण असे दोन जुने विभाग आहेत. कन्नडमध्ये हत्ती म्हणजे कापूस, उण्णी म्हणजे लोकर: लग्नात हाताला बांधायचं कंकण एकाचं कापसाच्या सुताचं, दुसऱ्याचं लोकरीचं. एक मूळपुरुष, त्याच्या दोन बायका आणि त्यांच्या संततीचे दोन वंश, अशा धर्तीची कथा या भेदामागं सांगितली जाते. जुन्या रीतीनं दोन विभागांत सोयरीक होत नसे. लेखिकेनं कल्पना इथूनच उचलली होती. पण उचलताना तिनं ती पूर्व-पश्चिम भेदावर बरोबर बसवली: लोकर पूर्वेला, सूत पश्चिमेला. भाषाही त्याच रेघेवर, देवही त्याच रेघेवर.

खऱ्या समाजात असं सहसा नसतं. आमच्या भागातलं एखादं मेंढपाळ कुटुंब घ्या. घरात मराठी, बाजारात कन्नड. देव बिरोबा, त्यालाच कुणी बिरदेव म्हणतं, कुणी बीरप्पा. मोठी सून जतकडची, धाकटी गोकाककडची. एका भिंतीवर अहिल्याबाई होळकरांची तसबीर, दुसऱ्या भिंतीवर 1831 साली नंदगडला फासावर गेलेल्या कुरुबा वीर संगोळ्ळी रायण्णाची. या घराला मराठी म्हणायचं की कन्नड, धनगर म्हणायचं की कुरुबा, हे बाहेरच्याला ठरवावं लागतं. घरातल्यांना ते रोज ठरवावं लागत नाही. भाषेची रेघ एकीकडून जाते, गटाची दुसरीकडून, राज्याची तिसरीकडून, आणि माणसं या रेघांच्या छेदांवर राहतात.

समाजशास्त्रात हा विचार नवा नाही. भेद किती आहेत यापेक्षा ते एकमेकांना छेदतात की एकावर एक रचले जातात, यावर समूहाचं टिकणं अवलंबून असतं. ज्याच्याशी माझी बोली जुळत नाही त्याच्याशी माझं कंकण जुळतं, ज्याच्याशी कंकण जुळत नाही त्याच्यासोबत माझा कळप चालतो. मग कुठल्याही भांडणात माझा एक तरी माणूस समोरच्या बाजूला असतो, आणि तोच भांडण मिटवायला धावतो.

लेखिकेनं नव्या खर्ड्यात पाच उगवत्या खांडव्यांपैकी तीन लोकरकंकणाचे केले, दोन सुतकंकणाचे. तीन मावळत्यांपैकी दोन सुताचे, एक लोकरीचा. खुंट्यांच्या वस्तीत दोन्ही, एकाच गल्लीत समोरासमोर. लग्न आपल्याच कंकणात करायचं, हा नियम मात्र कडकच ठेवला. मी तिला तसं आग्रहानं सुचवलं होतं, कारण नियम सैल केला असता तर भेदाची धारच गेली असती.

यातून जे घडलं ते आम्हा कुणाच्याच डोक्यात आधी नव्हतं. ओल्या रानात लोकरकंकणाचा एकच खांडवा. त्याला आपल्या आसपास सोयरीक मिळेना. म्हणून तो नदीपलीकडं, कोरमाळावरच्या लोकरकंकणी खांडव्यांत मुली देऊ-घेऊ लागला. म्हशीवाल्याच्या घरात मेंढरवाल्याची लेक आली. माहेरी कधी न पाहिलेला पाऊस ती पहिल्यांदा बघते, आणि माहेरची काळी लोकर कातत बसते तेव्हा सासूला तिचं कौतुकही वाटतं आणि त्या वासाची किळसही येते. हे प्रकरण हस्तलिखितातलं सर्वांत सुंदर उतरलं आहे. शेजारच्या पालात लग्न नाकारणाऱ्या भेदानंच नदीच्या दोन काठांना सोयरे केलं. बंदी आणि पूल एकाच रिवाजातून निघाले.

आपल्याकडेही याची साक्ष आहे. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्य पुनर्रचनेत चंदगड तालुका वगळता बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्या रेघेनं कचेऱ्या बदलल्या, शाळांची पुस्तकं बदलली. पण आपल्याच गटात सोयरीक करण्याच्या रिवाजामुळं कागल, जत, अथणी, चिकोडी यांच्यातलं लेकी-सुनांचं येणंजाणं थांबलं नाही. रायबाग तालुक्यातल्या चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेला माघात महाराष्ट्रातून लोक लोटतात. बिरोबाचं आणि तिचं भावाबहिणीचं नातं ओव्यांतून गायलं जातं. हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा उधळला जातो, तेव्हा त्या पिवळ्या गर्दीत कर्नाटकातली माणसं मोठ्या संख्येनं असतात. निपाणीजवळ कुर्ली-आप्पाचीवाडीला हालसिद्धनाथाची भाकणूक ऐकायला दोन्हीकडचे लोक येतात. पाऊस कसा होईल, धान्याला दर काय राहील, राजकारणात काय उलथापालथ होईल, हे सगळं तिथं एकाच मुखातून सगळ्यांच्या कानांवर पडतं.

संघ म्हटला की मंडळ, नेता, कायदा डोळ्यांपुढं येतो. फिरत्या माणसांचा संघ वर्षातले फार थोडे दिवस एकत्र असतो, आणि ते दिवस जत्रेचे असतात. म्हणून नवखांडीच्या जत्रेची कामं लेखिकेनं विचारपूर्वक वाटली. भाकणूक सांगणारा सर्वांत लहान मावळत्या खांडव्याचा, ढोल उगवत्यांचे, देवाच्या अंगावरचं घोंगडं खुंट्यांनी विणलेलं. घोंगड्याला लोकर माळावरची आणि खळीसाठी चिंचोके ओल्या रानाच्या कडेचे. यातला एक जरी आला नाही तरी जत्रा उभी राहत नाही.

मग फूट पडते कशी

इतकं घट्ट विणल्यावर लेखिकेपुढं उलटी अडचण उभी राहिली. आता संघ मोडेना. कुऱ्हाडी काढायला लावल्या तर खोटं वाटू लागलं, कारण प्रत्येक कुऱ्हाडीसमोर कुणाचा तरी जावई होता.

इथं इराणच्या भटक्या संघांनी मदत केली. फार्स प्रांतातला खमसे नावाचा संघ 1861-62 च्या सुमारास काजार राजवटीनं घडवून आणला. अरब, बासेरी, बहारलू, इनानलू आणि नफर असे पाच गट त्यात होते: कुणी अरबी बोलणारे, कुणी फारसी, कुणी तुर्की. शेजारच्या बलाढ्य कशकाई संघाला तोल म्हणून ते एकत्र बांधले गेले आणि त्यांचं नेतृत्व शिराझच्या एका व्यापारी-सरदार घराण्याकडं दिलं गेलं. बासेरींमध्ये 1958 च्या सुमारास राहून अभ्यास केलेल्या मानवशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्थ यांनी पुढं मांडलेला विचारही आम्हाला उपयोगी पडला. माणसं गटागटांत ये-जा करत राहिली तरी गटांमधली सीमा टिकू शकते, त्यामुळं त्या सीमेच्या आतलं सामान मोजण्याआधी ती सीमा कोण आणि कशी राखतो ते बघावं. इराणच्याच बख्तियारी संघाची सात पायांचे आणि चार पायांचे अशी जी दोन अंगं आहेत, त्यांचं मूळही जुन्या कर-आकारणीत सांगितलं जातं. म्हणजे संघ जोडायला आणि त्याची अंगं पाडायला बाहेरच्या सत्तेची वही पुरते.

नवखांडीच्या जगात ही सत्ता आधीपासून होती, 'गडवाले' या नावानं, पण ती पार्श्वभूमीला नुसती उभी होती. नव्या खर्ड्यात दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी गडवाले उताराचे परवाने द्यायला सुरुवात करतात. हेतू वाईट नाही. गर्दी होऊन माणसं-जनावरं बुडू नयेत, चारा सगळ्यांना पुरावा, असा त्यांचा विचार आहे. त्यासाठी ते दोन वह्या काढतात. एक मेंढीपट्टीची, एक म्हैसपट्टीची. प्रत्येक खांडव्यानं एका वहीत नाव घालायचं, अर्ज एकाच बोलीत करायचा, एकच कारभारी नेमायचा.

ओल्या रानातल्या त्या एकट्या लोकरकंकणी खांडव्यानं काय करायचं? जनावर म्हशी, सोयरे मेंढरवाले. म्हैसपट्टीत नाव घातलं तर मेंढरवाल्या व्याह्यांच्या परवान्यावर नदीपलीकडं जाता येत नाही. मेंढीपट्टीत घालावं तर गोठ्यात मेंढरू नाही. कोरमाळावरच्या दोन सुतकंकणी खांडव्यांनी मेंढीपट्टीत नाव घातलं, पण त्या वहीचा कारभारी लोकरकंकणी निघाला, आणि आजवर कधी न लागलेली ठेच त्यांना लागली. वर्षभरात लोक एकमेकांना वहीच्या नावानं ओळखू लागले. मिश्र घरांना बाजू निवडावी लागली. लेकी माहेरी येईनाशा झाल्या. एकमेकांना छेदणाऱ्या सगळ्या रेघा सरकत सरकत एकाच रेघेवर येऊन पडल्या.

हे लिहिताना लेखिकेसमोर आमचाच भाग होता, असं ती सांगते. सीमेच्या अलीकडं-पलीकडं राहणारे सख्खे नातेवाईक आज सरकारी याद्यांत वेगवेगळ्या रकान्यांत आहेत. महाराष्ट्रात धनगर भटक्या जमाती (क) मध्ये, 3.5 टक्के आरक्षणात. कर्नाटकात कुरुबा इतर मागासवर्गाच्या 2अ गटात. जेनू कुरुबा आणि काडू कुरुबा अनुसूचित जमातीत, बाकीचे बहुतेक बाहेर. बहिणीच्या पोराला मिळणारा दाखला भावाच्या पोराला लागू पडत नाही. या याद्या सामाजिक न्यायासाठी केल्या गेल्या आणि त्यांची गरज आहे, हे मी पूर्ण मनापासून मानतो. पण यादी माणसाला एकाच रकान्यात बसवते आणि पुढची पिढी त्या रकान्यावरून स्वतःची ओळख सांगू लागते, हेही डोळ्यांसमोर घडतं आहे.

फुटीचा प्रसंग आता असा आहे. तिसऱ्या वर्षी जत्रेच्या दिवशी उतारावर दोन पुजारी येतात. एकाजवळ लोकरीचं कंकण, एकाजवळ सुताचं. आजवर एकच पुजारी ज्याच्या त्याच्या रिवाजाप्रमाणं दोन्ही बांधत असे. मेंढीपट्टीवाले म्हणतात, आमची जत्रा आज. म्हैसपट्टीवाले म्हणतात, आमची पाच दिवसांनी. कुणी कुणावर हात उगारत नाही. भाकणूक सांगणारा येतो तो दुसऱ्या दिवसासाठी, ढोल वाजतात ते पहिल्या दिवशी. ढोलाविना भाकणूक आणि भाकणुकीविना ढोल. खुंट्यांनी विणलेलं घोंगडं एकच असल्यामुळं ते कुठल्या दिवशी चढवायचं यावर त्यांच्या गल्लीत रात्रभर वाद चालतो. पहिल्या खर्ड्यातल्या कत्तलीपेक्षा हा प्रसंग मला कितीतरी जास्त भयंकर वाटतो.

उरलेला वाद

आमच्यातल्या एका वाचक बाईंचा या नव्या रचनेला आक्षेप आहे आणि तो बाजूला सारण्यासारखा नाही. त्यांचं म्हणणं असं की सगळा दोष गडवाल्यांच्या वहीवर ढकलून संघ आतून निर्मळ दाखवला आहे. आतली उतरंड कुठं गेली? सुतकंकणी माणसं लोकरकंकणी माणसांच्या पंगतीला बसत होती का? कुणाच्या घोंगडीवर कोण टेकत नव्हतं? खुंटे स्थिरावले म्हणून त्यांना कमी लेखलं जात होतं, की त्यांनीच फिरस्त्यांना कमी लेखायला सुरुवात केली होती? आणि कंकणाच्या नियमानं नदीपल्याड दिलेल्या त्या मुलीला कुणी विचारलं होतं का? बाहेरच्या वहीनं रेघ गडद केली हे खरं, पण आत काहीतरी कोरलेलं असल्याशिवाय शाई एवढी खोल उतरत नाही.

मला हा आक्षेप बराचसा मान्य आहे. पोटजातींमधला पंगतीचा, मानपानाचा भेद आपल्या समाजात वहीच्या आधीपासून होता, आणि भटक्या समाजाला त्यातून सूट मिळालेली नव्हती. मात्र एका ठिकाणी मी वेगळा आहे. उतरंड होती म्हणून फूट अटळ होती, असं मला म्हणवत नाही. उतरंड पिढ्यान्‌पिढ्या होती आणि जत्राही भरत होती. फुटीसाठी उतरंडीला हिशेबाचं पान मिळावं लागलं, ज्यावर वरचा आणि खालचा कायमचा लिहिला गेला. दोन्ही गोष्टी कथेत यायला हव्यात, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

खुंट्यांबद्दल लेखिकेला अजून बरंच करायचं आहे. लबाड व्यापारी हा शिक्का गेला, पण त्या जागी पुरेसं माणूसपण आलेलं नाही. आमच्याकडं लोकरीला भाव उरलेला नाही. बहुतेक ठिकाणी कातरणीची मजुरीही लोकरीतून सुटत नाही, आणि काळ्या दख्खनी मेंढराऐवजी मांसासाठी चांगली असलेली माडग्याळसारखी जात पाळण्याकडं कल वाढला आहे. माग चालवणाऱ्यांवर याचा जो घाव बसतो तो खुंट्यांच्या वाट्याला यायला हवा. दुष्काळात मेंढरं मेली तर लोकर कुठून येणार? लोकर नसेल तर लोकरकंकण कुठून येणार? रिवाज ज्या वस्तूवर उभा आहे ती वस्तूच संपत आली, तर लोक रिवाज सोडतात की विकतची लोकर आणून तो आणखी घट्ट धरतात? मला वाटतं, धरतात. ज्या घराच्या दारात आता एकही काळं मेंढरू नाही तिथंही लग्नात लोकरीचं कंकण आग्रहानं मागितलं जाऊ शकतं, आणि तो आग्रह मेंढरं असतानापेक्षा जास्त असू शकतो.

मेंढरांच्या वार्षिक चालीचं वेळापत्रक मामांनी तोंडी सांगितलं आणि लेखिकेनं लिहून घेतलं आहे. कुठल्या महिन्यात कळप कुठं, कोकरं कधी जन्मतात, वर्षातून दोनदा होणारी कातरणी केव्हा, वाघरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कळप कोंडायची जागा कशी निवडतात, हे सगळं प्रकरणागणिक तपासून घ्यायचं ठरलं आहे. पंगतीचा एक स्वतंत्र प्रसंग फुटीच्या आधी यावा, तोही चांगल्या पावसाच्या वर्षातला, आणि त्यात नदीपल्याड दिलेल्या मुलीला स्वतःच्या तोंडानं बोलू द्यावं, असं आम्ही लेखिकेला कळवलं. तिनं ते मान्य केलं आहे. तो प्रसंग ती सध्या लिहिते आहे आणि तो हाती आल्यावर दोन जत्रांचं प्रकरण पुन्हा सुरुवातीपासून वाचलं जाईल.